पहिली राखीव

बर्फाच्या मैदानामागे, बूट भाड्याने देण्याच्या खिडकीला लागून माझी खोली आहे. तिथे मी स्केटच्या पात्यांना धार लावतो. लोकांना वाटतं, सुरीसारखी एकच धार असेल. तसं नसतं. पात्याच्या तळाला मधोमध बारीक खोलगट पन्हळ असते आणि दोन्ही कडांना दोन धारा. एक धार केसभर वर राहिली, तरी वळताना पोर आडवी होते. इथे सगळे मला धारवाले काका म्हणतात. माझी मुलगी तीन वर्षांची असताना खुर्ची ढकलत बर्फावर गेली, ती पुन्हा जमिनीवर आलीच नाही म्हणा ना. गिरक्या घ्यायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

तेविसाव्या वर्षी भिंगरी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. आधीच्या वर्षांत चौथी, तिसरी, परत तिसरी, दुसरी असं करत करत. त्या वर्षी तिच्यामागे दुसरी आली सतरा वर्षांची एक पोर, जिला सगळे छोटी म्हणतात. छोटी दोनदा पडली. दोघींत अकरा गुणांचा फरक होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी महासंघाने जागतिक स्पर्धेची यादी जाहीर केली. मुलींसाठी आपल्याला जागा एकच. त्या जागेवर नाव छोटीचं. खाली बारीक अक्षरात ‘पहिली राखीव’ आणि पुढे भिंगरीचं नाव.

‘‘छापताना उलटं झालं असेल,’’ मी म्हणालो.

‘‘उलटं काही झालेलं नाही,’’ भिंगरीच्या प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या. त्यांना अशा याद्यांचा वीस वर्षांचा अनुभव. ‘‘राष्ट्रीय स्पर्धेचं वजन चाळीस टक्के. परदेशातल्या कामगिरीचं चाळीस. आणि वीस टक्के भविष्यातली क्षमता.’’

‘‘ती कशी मोजतात?’’

‘‘बघून.’’

भिंगरी बुटांच्या नाड्या सोडायच्या म्हणून खाली वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

मी महासंघाच्या कचेरीत गेलो. तिसरा मजला, खाली दातांचा दवाखाना. सचिव मोठे सभ्य गृहस्थ. मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. माणूस शिव्या देतो तेव्हा भांडता तरी येतं. हा नुसता मान डोलवत होता.

‘‘तुमच्या मुलीचा आम्हाला अभिमानच आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण जागतिक स्पर्धेला उतरायचं तर आधी परदेशातल्या एखाद्या मान्य स्पर्धेत ठरावीक तांत्रिक गुण मिळवावे लागतात. छोटीकडे ते आहेत. भिंगरीकडे नाहीत.’’

‘‘तिला परदेशातल्या स्पर्धेला पाठवलं कोणी?’’

‘‘पाठवायला तिच्या नावावर तशी कामगिरी हवी ना.’’

‘‘आणि ती कामगिरी कुठून आणायची?’’

‘‘परदेशातल्या स्पर्धांमधून.’’ हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

उन्हाळ्यात आम्ही दोन वेळा अर्ज केला होता. तिकीट आमचं आम्ही काढतो, असंही लिहून दिलं होतं. पण खेळाडूला स्वतःचं नाव स्वतः घालता येत नाही. प्रवेशपत्रावर महासंघाचीच सही लागते. ती मिळाली नव्हती. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, म्हणतात ते हेच. मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, ‘‘तुमच्या भावना मी समजू शकतो. सात दिवसांत अपील करा.’’

अपील केलं. मॅडमनी चार पानं लिहिली, भिंगरीने त्यातले रागाचे शब्द खोडून तीन केली. उत्तर दोन ओळींचं आलं. निवडीची प्रक्रिया नियमानुसार झाली आहे. खाली सही सचिवांचीच.

‘‘एक वाट आहे,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘फेब्रुवारीत शेजारच्या देशात एक छोटी स्पर्धा आहे. राखीव म्हणून तरी हिला पाठवा म्हणावं. तिथे हवे ते गुण ती सहज मिळवेल. उद्या काही झालं तर हाताशी असलेले बरे.’’

सचिव फोनवर म्हणाले, ‘‘पाहू.’’ हे ‘पाहू’ तीन आठवडे चाललं. दरम्यान भिंगरी रोज पहाटे बर्फावर होती. राखीव खेळाडूने शेवटच्या दिवसापर्यंत तयार राहायचं असतं, असं नियमात आहे. तिला कोणी तयार करायचं, हे मात्र नियमात नाही. सकाळी सराव, दिवसभर औषधांच्या दुकानात नोकरी, संध्याकाळी व्यायाम. घरी तिच्याशी बोलायची सोय राहिली नव्हती. तिची आई म्हणायची, ‘‘भाजीत मीठ कमी पडलं, तरी हल्ली मला अपील येतं.’’

त्या छोट्या स्पर्धेच्या प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपत होती. त्या आठवड्यात मंगळवारी छोटी माझ्याकडे बूट घेऊन आली.

खरं सांगतो, बूट हातात घेताना मनात काय काय आलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. पण पातं उजेडात धरलं आणि तिच्यावरचा राग बाजूलाच राहिला. मी दोन आठवड्यांपूर्वी लावलेली धार उजव्या पात्यावर जशीच्या तशी होती. डावं पातं झिजलेलं, उजवं नवं कोरं. उडी मारून ही पोर उजव्या पायावर उतरते. एवढ्या दिवसांत धार तशीच, म्हणजे ती उड्याच मारत नव्हती.

‘‘पाय कधीपासून दुखतोय?’’ मी विचारलं.

तिने आधी दाराकडे बघितलं. मग रडायलाच लागली. ‘‘राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीपासून. काका, कुणाला सांगू नका. आईला कळलं तर ती नाव मागे घ्यायला लावेल. परत मला कोण निवडणार?’’

‘‘पाय मोडून बसलीस तर कोण निवडणार?’’

‘‘मी जाते डॉक्टरकडे. शनिवारी नक्की जाते. पण तोवर कुणाला म्हणजे कुणालाच नाही. भिंगरीताईला तर मुळीच नको. शब्द द्या.’’

सतरा वर्षांची पोर, नाक पुसत समोर उभी. मी शब्द दिला. शनिवारी गेली नाहीस तर तुझ्या आईला मीच फोन करणार, एवढं बजावून. मग तिच्या दोन्ही पात्यांना धार लावली. नीट लावली. पट्टी आडवी ठेवून दोन्ही कडा दोनदा तपासल्या.

बुधवारी मी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर. सचिव कनिष्ठ संघाला घेऊन परदेशी गेलेले. कचेरीतल्या लिपिक बाईंनी प्रवेशपत्र काढलं, माझ्यासमोर भरलं, तारीखही घातली. ‘‘आता फक्त सही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि सहीचा अधिकार मला नाही.’’ त्यांनीच बिचाऱ्यांनी सचिवांना फोन लावून माझ्या हातात दिला.

‘‘एवढी घाई कशाला?’’ सचिव म्हणाले. मागे टाळ्या आणि संगीत ऐकू येत होतं. ‘‘छोटी ठणठणीत आहे. मी सोमवारी येतोच आहे.’’

‘‘मुदत शुक्रवारी संपते.’’

‘‘होतं हो मागेपुढे. भिंगरीची गरज लागेल असं वाटण्याजोगं काही कारण आहे का तुमच्याकडे?’’

कारण माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य बोललो असतो, तर त्या माणसाने तिथल्या तिथे सही करून पाठवली असती. लिपिक बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, ‘‘नाही. कारण काही नाही.’’

शुक्रवार गेला. शनिवारी छोटी खरोखरच डॉक्टरकडे गेली. घोट्याच्या वरच्या हाडाला केसासारखी चीर निघाली. दोन महिने बर्फ बंद. सोमवारी सचिवांचा फोन आला, यावेळी त्यांचा आवाज धावत होता. ‘‘भिंगरी तयार आहे ना?’’ मी तिला फोन दिला. तासाभराने पुन्हा फोन. फेब्रुवारीच्या स्पर्धेत आता नाव घेत नाहीत, त्यामुळे गुण नाहीत, त्यामुळे तांत्रिक अडचण आहे. जागा यंदा रिकामी जाणार.

‘‘रिकामी?’’ भिंगरी म्हणाली. ‘‘म्हणजे तिथे कुणीच नाही?’’

‘‘दुर्दैवाने,’’ सचिव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी छोटी कुबड्या घेऊन मैदानावर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, ‘‘काकांनी सांगितलं म्हणून तरी मी गेले. नाहीतर पाय तुटलाच असता.’’ तिला बिचारीला काय ठाऊक! भिंगरीने माझ्याकडे बघितलं.

खोलीत आल्यावर तिने दार लावून घेतलं. ‘‘कधी कळलं होतं तुला?’’

‘‘मंगळवारी.’’

‘‘म्हणजे बुधवारी कचेरीत गेलास तेव्हा तुला माहीत होतं.’’

‘‘शब्द दिला होता, बाळा.’’

‘‘तिला! आणि मला? वीस वर्षं मी इथे हाडं घासतेय, बाबा. एक सही राहिली होती.’’

ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट पुढे सरकवायची तेही आईच्या हातून. त्या आठ दिवसांत मी रोज ते फोनवरचं बोलणं मनातल्या मनात बदलून बघितलं. कधी सांगून टाकायचो, कधी नाही. दोन्हीकडून जीव काही शांत होईना.

नवव्या दिवशी ती खोलीत आली, बूट टेबलावर ठेवले. ‘‘मीही सचिवांना सांगितलं नसतं,’’ ती म्हणाली. ‘‘पण मला सांगायला हवं होतंस. निदान दोघं मिळून जळलो असतो.’’

मी मान हलवली. एवढंच झालं.

उन्हाळा लागताच ती नवा अर्ज घेऊन स्वतः कचेरीत गेली. सचिव म्हणाले, ‘‘पाहू.’’ ती म्हणाली, ‘‘बघा, मी इथे बसते.’’ जेवणाची सुट्टी झाली, दातांचा दवाखाना बंद झाला, लिपिक बाईंनी खिडक्या लावल्या, तरी ही बसलेली. शेवटी साडेसहाला सही झाली. ऑक्टोबरात ती परदेशी गेली आणि हवे होते त्याहून दोन गुण जास्त घेऊन आली. विमानतळावर तिच्या आईने तिला अशी काही मिठी मारली की मागची रांग थांबली.

यंदाची राष्ट्रीय स्पर्धा एका पंधरा वर्षांच्या पोरीने जिंकली. छोटी दुसरी. भिंगरी तिसरी, शेवटच्या उडीतून उतरताना बर्फाला हात टेकला, तिथे गुण गेले. मी कठड्याजवळ उभा होतो. कुणी अन्याय केला नव्हता, सही अडली नव्हती, पाती दोन्ही बरोबर होती. शिव्या तरी कुणाला घालायच्या?

भिंगरी बर्फावरून बाहेर आली, पात्यांवर आवरणं चढवली आणि माझ्या शेजारी टेकून गुणफलकाकडे बघत राहिली. ‘‘बरोबर दिलेत गुण,’’ ती म्हणाली, आणि हे बोलताना तिच्या आवाजात जो राग होता, तसा मी वर्षभरात ऐकला नव्हता.