ठणठणीत

दुकान खाली आणि घर वर असलं, की बाईला एक सुख असतं. नवरा कुठे आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. वहिनी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली की खालून कात्रीची टकटक ऐकू यायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. तिला सगळे वहिनीच म्हणत. दीर म्हणायचा म्हणून गिऱ्हाइकं म्हणू लागली, गिऱ्हाइकं म्हणायची म्हणून गल्ली म्हणू लागली. नवऱ्याला सगळे दादा म्हणत. दोघे भाऊ, दोन खुर्च्या, समोर एक लांबलचक आरसा, आणि सासऱ्यांच्या वेळेपासून पाळला जाणारा पण कुठेही न लिहिलेला एक नियम: गिऱ्हाइकाची दाढी अर्धी टाकून उठायचं नाही. आग लागली तरी दुसरा गाल पुरा करूनच पळायचं, असं सासरे म्हणायचे आणि त्यांना ती गंमत वाटत नसे.

दादांचं डोकं दुखतं म्हणून वहिनीनं त्यांना ओढत दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना आडवं झोपवून मानेवर आणि मांडीवर यंत्राची टोकं टेकवली. नाडीची लाट एका जागेवरून दुसऱ्या जागी किती वेगानं पोचते, ते त्यांना बघायचं होतं.

"तुमच्या धमन्या ताठ झाल्यात," बाई म्हणाल्या.

"मग चांगलंच की! वाकायची सवय आमच्या घराण्यातच नाही," दादा म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. "धमनी लवचीक हवी. हृदयानं रक्त ढकललं की तिनं जरा फुगायचं, धक्का स्वतःच्या अंगावर घ्यायचा आणि रक्त सावकाश पुढं सोडायचं. तुमची फुगतच नाही. मग तो सगळा धक्का थेट मेंदूतल्या बारीक नळ्यांवर जाऊन आदळतो, दर ठोक्याला. अशांना पुढं अर्धांगाचा झटका येण्याचा धोका जास्त असतो." मग त्या वहिनीकडे वळल्या, कारण ऐकणारं माणूस कोण आहे ते त्यांना बरोबर कळलं होतं. "हाताची बोटं बधिर झाली, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळला, आणि थोड्या वेळात आपोआप नीट झालं, तरी त्याच पावली यायचं. आपोआप बरं झालं म्हणजे सुटलो असं नाही. ती मोठ्या झटक्याची आगाऊ वर्दी असते. तेव्हा आलात तर पुष्कळ काही करता येतं."

वहिनीनं ते वाक्य पदराला गाठ मारल्यासारखं घरी आणलं. जेवणातलं मीठ कमी केलं, आणि एका घरात दोन चवी नकोत म्हणून स्वतःच्या ताटातलंही केलं. तंबाखूची डबी दादांच्या डोळ्यांदेखत गटारात रिकामी केली. सकाळी त्यांना चालायला धाडायची, गोळी घशाखाली उतरेपर्यंत समोर उभी राहायची. दादा कुरकुरायचे, "लग्न केलं की शिक्षा भोगतोय?" पण ऐकायचे.

राहता राहिलं दुकान. तिथं तिचे डोळे पोचत नव्हते. मग तिनं दिराला बसवून डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं घोकून घेतलं. बोटं, तोंड, बोलणं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत जायचा. त्याच्या तापात हिनं उशाशी बसून रात्री काढलेल्या, त्याचं लग्न हिनंच जमवलेलं. घरात तिचा सगळ्यात जास्त भरवसा कुणावर असेल तर याच्यावर. नवऱ्यावरसुद्धा एवढा नव्हता, कारण नवऱ्याला ती ओळखून होती.

"तुझी खुर्ची त्यांच्या शेजारी. डोळ्यांत तेल घालून बघ. जरा काही वाटलं की मला हाक मार."

"वहिनी, तुम्ही काळजीच सोडा."

तेव्हापासून तो दुपारी जेवायला वर आला की पहिला घास घ्यायच्या आत ती विचारायची, "कसे आहेत रे?"

"ठणठणीत!" तो म्हणायचा. तेवढ्यावर तिला दुपारी झोप लागायची.

त्या दिवशी ती वर दुकानातल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. खालच्या कात्र्या थांबल्या होत्या खऱ्या, पण तिला वाटलं, दाढ्या चालल्या असतील. एवढ्यात जिना धडधडला आणि गल्लीतला वायरमन वर आला. त्याचा एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर फेस, गळ्यात अजून कापड.

"वहिनी, खाली या. दादा..."

दादा मागच्या बाकावर आडवे होते. उजवा हात बाकाखाली लोंबत होता, तोंड एका बाजूला ओघळलं होतं. डोळे उघडे होते. तिला बघून त्यांनी काहीतरी म्हटलं, पण त्यात शब्द नव्हता.

हॉस्पिटलात त्यांना आत नेलं. तपासून डॉक्टर बाहेर आले. आणायला उशीर झाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. त्यांनी विचारलं, "याआधी असं कधी झालं होतं? थोडा वेळ हात बधिर, बोलणं जड?"

"नाही," वहिनी ताठ मानेनं म्हणाली. "झालं असतं तर मला कळलं असतं. माझा दीर दिवसभर शेजारी असतो."

दीर भिंतीकडे बघत होता.

"अहो, असं काय करता?" बरोबर आलेला वायरमन मध्येच बोलला. बिचाऱ्याच्या गालावरच्या फेसानं वाळून पांढरे पोपडे धरले होते. "मागच्या खेपेला माझ्या कानाला वस्तरा लागला तो त्यामुळंच ना? दादांच्या बोटांतून निसटलाच तो. थोडं पडून राहिले आणि झाले नीट. त्याच्याआधी त्या मास्तरांची दाढी करतानाही झालंच होतं की. म्हणून तर आज हा म्हणाला, बसा, होतील बरे, तोवर तुमचा दुसरा गाल पुरा करतो. बराच वेळ वाट बघून मीच म्हटलं, दाढी गेली खड्ड्यात, आधी त्यांना उचल."

आपण काय बोलून बसलो, हे वायरमनला उशिरा कळलं. डॉक्टर मान हलवत आत गेले.

नवऱ्याला झटका आला तेव्हा वहिनी उभी होती, आता तिनं भिंतीचा आधार घेतला.

"किती वेळा झालं?"

"वहिनी..."

"किती वेळा, ते विचारतेय."

"झालं असेल तीन-चारदा. दादानं शपथ घातली हो. म्हणाला, वहिनीला सांगू नकोस, ती दुकान बंद करायला लावील. आणि एकदा बातमी फुटली की याचा हात कापतो, की मग वस्तऱ्यापुढं गळा कोण देईल? तो खुर्चीशिवाय जगला नसता, वहिनी."

"आता बसव त्यांना खुर्चीवर." ती ओरडली नाही. तिला वाटत होतं की ओरडावं. "मी रोज विचारत होते तुला. माझ्या हातचं जेवत होतास आणि माझ्या तोंडावर खोटं बोलत होतास. केसानं गळा कापलास रे माझा."

दीर रडायला लागला. एरवी तो रडला की तिनं पदर पुढं केला असता. आज तिला त्या रडण्याचा संताप आला. नवरे काय, लपवतातच. पण हा नवऱ्याचा नव्हता, हा तिचा होता. तिनं पाळतीवर ठेवलेला माणूस पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या बाजूचा होता, आणि ती मात्र अळणी जेवून, वर सगळं आपल्या मुठीत आहे असं समजून गाढ झोपत होती. हसले असतील का दोघं तिला? हा विचार तिच्या मनातून जाईना.

दादा वाचले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. घरी आणल्यावर ती त्यांना भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची. एकदा न राहवून तिनं विचारलंच, "मला का नाही सांगितलंत?" त्यांचे डोळे भरले, जबडा हलला, लाळ आली. तिनं ती पुसली. जन्मभर पुरेल एवढं भांडण पोटात साठलं होतं, आणि भांडायला समोर माणूसच उरला नव्हता.

दिराशी ती कामापुरतं बोलायची. डॉक्टरीणबाईंनी मात्र निरोप धाडला होता, की अशा गोष्टी घराण्यात असू शकतात, भावालाही आणा. वहिनीनं त्याला नेलं. रागावलेली असली तरी तिनंच नेलं. धाकटी जाऊ बरोबर आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. तिला एवढंच ठाऊक होतं, की साधी तपासणी आहे.

आत तीच टोकं, मानेवर आणि मांडीवर. बाईंनी पडद्यावर पाहिलं, पुन्हा एकदा मोजलं. "तुमच्याही ताठ व्हायला लागल्यात. वेळेवर आलात. आता पथ्य, गोळी, चालणं. आणि घरातल्या माणसानं लक्ष ठेवायला हवं." एवढं बोलून त्या गोळ्या लिहायला टेबलाकडे गेल्या.

दीर शर्टाची बटणं लावत वहिनीजवळ आला आणि दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, हिला सांगू नका हं. उगाच घाबरेल. दुकानात बसू द्यायची नाही."

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. आपण काय मागतोय हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं. घरातल्या बाईला सांगायचं नाही, ही त्याला साधी रीतच वाटत होती.

तिनं दार उघडलं. "अगं, आत ये," तिनं जावेला हाक मारली. "इथं बस, याच्या शेजारी. बाई, याच्या धमन्यांचं काय झालंय ते हिला पहिल्यापासून सांगा. काहीएक गाळू नका."

बाई सांगू लागल्या. जाऊ पदराचं टोक मुठीत धरून ऐकत होती. दिराचं तिकडे लक्षच नव्हतं. तो वहिनीकडे बघत होता, जणू तिनंच त्याचा विश्वासघात केला होता.