चांदणी काढणाऱ्या पेन्सिलीचा हेवा

दुपारी तीन वाजता माझे मालक नीलकंठ पोहनकर यांनी मला उलटे धरले आणि माझ्यावरचे माप चुकीचे वाचले. मी एक जुना मायक्रोमीटर आहे, केसाची जाडी मोजणारा. वर्ष १९७१, महिना डिसेंबर. जबलपूरच्या कारखान्यात तोफांचे सुटे भाग अखंड तयार होत होते. माझ्या मालकांनी तपासलेला भाग कधी परत येत नसे. त्या दिवशी आला.

मित्रांनो, काविळीनंतर मालकांचे यकृत कायमचे बिघडले होते. दारूला ते कधी शिवले नाहीत. डॉक्टरांनी रोज पोट साफ ठेवणारे औषध दिले होते. लढाई सुरू झाली आणि त्यांनी ते सोडले.

"काहून सोडलं?" त्यांच्या पत्नी शरयूबाईंनी विचारले.

"मशीन सोडून घडीघडी संडासला पळू काय? तिकडे पोरं सीमेवर लढून राहिली!"

मग ते दिवसा पेंगू लागले, रात्री जागू लागले. पुढे धरलेले हात पंखांसारखे फडफडत. दीक्षितपुऱ्यातले स्वतःचे घर त्यांना सापडेना. शेजारी हसले, "आज भैया जरा जास्त घेऊन आले वाटतं!"

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "आतड्यातलं विष यकृत गाळत नाही. ते रक्तातून मेंदूत गेलंय. मेंदू झाकोळलाय, पण सावरू शकतो."

औषध पुन्हा सुरू झाले आणि घरात ती आली. शिसपेन्सिल. मेंदू किती सावरला हे कळावे म्हणून मालकांनी रोज एक चांदणी काढायची होती. ज्या बोटांना माझी सवय, ती आता तिला धरू लागली. चांदणीची टोके भलतीकडे जात, तरी शरयूबाई म्हणत, "अच्छा, कालच्यापेक्षा छान!" मी एका रेघेने चुकलो असतो तर मला कोणी छान म्हटले असते का? फळीवरच्या डबीतून मी पाहत असे. तिचे टोक मोडावे, असे रोज वाटे. एकदा मोडले. मालकांनी ब्लेडने ते स्वतःच तासले, हात जराही न हलता. मला आनंद व्हायला हवा होता. मी आणखी जळलो.

चांदण्या सरळ झाल्या. मेंदू सावरला, यकृत मात्र तसेच राहिले. औषध चुकले की पुन्हा हेच, असे डॉक्टरांनी बजावले. मित्रांनो, थरथरता हात पाहून कोणाला दारुडा म्हणू नका, आणि कामाच्या नावाखाली आपल्या माणसाचे औषध चुकू देऊ नका.

आज सकाळी सोबतचे कारागीर अंबादास आले. "भैया, काम साचून राहिलं. चला, नाहीतर हा मायक्रोमीटर तरी द्या."

"चलतो," म्हणत मालकांनी मला डबीतून उचलले.

"अन् औषधाची बाटली?" शरयूबाई दारात उभ्या राहिल्या. "तिथं घ्याल?"

मी मालकांच्या मुठीत आहे. दुसरा हात त्यांनी बाटलीसाठी पुढे केला.