गिरवलेल्या सह्या

समतेच्या लढ्यातल्या पुढाऱ्यांच्या सह्या बाबांनी आयुष्यभर जमवल्या होत्या. सभा संपली की ते गर्दीत घुसायचे आणि पत्रक, फोटो, हाती असेल त्यावर सही घेऊनच घरी यायचे. हे सगळं संग्रहालयात जावं, एवढीच त्यांची शेवटची इच्छा. म्हणून ते गेल्यावर मुलगी पेटी घेऊन तिथे आली.

तिथल्या तज्ज्ञांनी भिंगातून एकेक सही पाहिली.

"ताई, रागावू नका, पण या सगळ्या एकाच हातच्या आहेत."

असं का, ते तिला लगेच उमगलं. शाई फिकी पडू लागली की बाबा खिडकीशी बसून, श्वास रोखून सही गिरवत. आई चिडवायची, "मोर्चे त्यांनी काढले, सह्या मात्र तुमच्या!"

"खाली खरी शाई आहे हो," ती म्हणाली. "वरची काढता नाही का येणार?"

"वरची काढायला गेलो तर खालचीही जाईल."

त्यांनी पेटी अलगद तिच्याकडे सरकवली. वरच्याच पत्रकावर, सहीच्या शेवटच्या वळणाशी, बाबांचा हात थरथरलेला दिसत होता. झाकण लावायचंही तिला सुचेना.