चाकणच्या चौकात अडकलेला ट्रक

चाकणच्या चौकात गाडी अडकते, यात नवल ते काय! पण श्यामची गाडी अडकायची ती चऱ्होलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर. समोर रस्ता मोकळा दिसतोय, पाय ॲक्सिलरेटरवर आहे, आणि चौक आला रे आला की चित्र जागच्या जागी थिजायचं. मग एक हिसका, पुन्हा थिजणं, आणि भानावर येईपर्यंत ट्रक पानटपरीत घुसलेला.

आता हा बाप्या या वयात गेम का खेळत होता, ते सांगायला हवं. चाकणच्या कारखान्यांतून निघालेल्या नव्याकोऱ्या मोटारी लादलेला लांबलचक ट्रेलर श्यामनं उभ्या देशात फिरवला होता. गेल्या साली साखरेनं त्याचा डावा डोळा नेला आणि त्यापाठोपाठ जड वाहनाचं लायसन गेलं. मालकानं कामावरून काढलं नाही, गेटवर बसवलं. दुसऱ्यांच्या गाड्या आत घ्यायच्या, बाहेर सोडायच्या. संध्याकाळी घरी यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. भोसरीच्या वर्कशॉपातून दमूनभागून आलेली विजयश्री, म्हणजे त्याची बायको, टीव्ही मोठ्यानं लावायची, मुद्दाम भांडण उकरून काढायची. पण भांडायलासुद्धा समोरच्यानं तोंड उघडावं लागतं ना! त्या गप्प बसण्याची तिला धडकी भरायची.

मुलगी सलोनी बंगळुरूला नोकरीला. सुट्टीत आली तेव्हा बापाची ही दशा बघून तिनं आपल्या कॉलेजात असतानाच्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम टाकला आणि टेबलाला एक स्टिअरिंग आवळलं. कुणा हौशी पोरानं त्या गेमसाठी आपला नाशिक रोड हुबेहूब बनवून ठेवला होता, मोशीच्या टोलनाक्यासकट.

विजयश्रीनं आधी नाक मुरडलं. घोड्याएवढा माणूस आणि खेळ! पण पहिल्याच संध्याकाळी श्याम हातपाय धुऊन आला, स्टिअरिंगला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला, "येतो गं."

जन्मभर प्रत्येक फेरीला निघताना तो एवढंच म्हणत आलेला. आणि ती ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "सावकाश जा." आताही तिच्या तोंडून ते आपोआप निघून गेलं. मग तिनं नळ सोडला आणि भांडी विसळायच्या निमित्तानं मनसोक्त रडून घेतलं. माणूस परत आला होता हो तिचा.

आणि त्यात हे थिजणं! सलोनीला फोनवर सांगितलं तर तिनं दिवाळीला नवंकोरं ग्राफिक्स कार्ड धाडलं. ते बसवल्यावर झाडांची पानं न् पानं दिसायला लागली, ट्रकचा पत्रा चकाकायला लागला, आणि गाडी चाकणला पूर्वीइतकीच अडकली. गेममधली वाहनांची गर्दी बंद केली की मात्र सगळं सुतासारखं चालायचं.

"मग बंद करा ना गर्दी," विजयश्री म्हणाली.

त्यानं केली. रिकामं चाकण! रिक्षा नाही, टेम्पो नाही, मधेच घुसणारा दुचाकीवाला नाही. तसं त्यानं आठवडाभर चालवलं असेल.

"विजू, हे बंदच्या दिवशी गाडी काढल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "माणसाला कुणीतरी आडवं यायला पाहिजे गं."

त्यानंतर "येतो" म्हणणं थांबलं. मग स्टिअरिंगवर टॉवेल पडला. आणि एके दिवशी जेवता जेवता तो म्हणाला, "तो कॉम्प्युटरचा डबा कुणाला तरी देऊन टाक. उगाच जागा अडवतोय."

विजयश्रीनं हातातला घास ताटात ठेवला. हे गेलं तर पुन्हा ती भिंत.

रविवारी सकाळी तिनं कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधला आणि रिक्षा करून थेट थेरगाव गाठलं. श्यामला वाटलं, देऊन टाकायला निघाली. तिनंही वाटू दिलं.

डांगे चौकापाशी दिव्या नावाच्या पोरीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दिव्यानं डबा जोडला, गेम उघडला आणि म्हणाली, "काकू, कुठं अडकतं ते चालवून दाखवा."

"मी? अगं बाई, मी साधी स्कूटी शिकले नाही!"

"मग आज थेट ट्रेलर."

काय करते बिचारी! की-बोर्डवरची बटणं दाबत निघाली. पहिल्याच वळणाला दुभाजकावर चढली, पुढे एका धाब्याची खाट उडवली, दुकानातली गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. पण पोचली. दिव्याला सांगून गर्दी सुरू करून घेतली होती, चौक आला आणि चित्र थिजलं. काचेच्या पलीकडे रस्ता दिसतोय आणि आपल्या हातात काहीच नाही. रोज हेच बघून ते उठत होते होय!

दिव्यानं पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हे बघा. तुमचं नवं कार्ड अर्धं रिकामं बसलंय, आणि प्रोसेसरला श्वास घ्यायला फुरसत नाही. कार्ड नुसतं चित्र काढतं. कुठली रिक्षा कुठं वळणार, कोण ब्रेक मारणार, हा सगळा विचार प्रोसेसर करतो. तो आहे जुना. गर्दी वाढली की गांगरतो."

"मग सगळा कॉम्प्युटरच बदलायचा?"

"नाही हो. याच मदरबोर्डावर बसेल असा त्याच खानदानातला थोरला माझ्याकडे आहे. वापरलेला आहे, पण दणकट. मात्र आधीच सांगते, सगळ्याच गेमना याचा एवढा फरक पडत नाही. तुमच्यात गर्दी आहे, म्हणून पडेल."

तिनं जुना काढला, नवा बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाठिक्कर.

"गेलं!" विजयश्रीनं कपाळावर हात मारला. आता घरी कुठल्या तोंडानं जायचं?

"थांबा हो काकू. बोर्डानं याला ओळखलं नाही. चूक माझीच, आधी ओळख करून द्यायला हवी होती." दिव्यानं जुना परत बसवला, बोर्डाचं सॉफ्टवेअर नवं केलं, मग पुन्हा थोरल्याला बसवलं. या वेळी पडदा उजळला. विजयश्रीनं तिचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना.

घरी डबा बघून श्याम चक्रावला. "परत आणलास?"

"आणला. घरातलं माणूस असं देऊन टाकतात का?" तिनं डब्याला हळदीकुंकू लावलं. नव्या ट्रेलरला लावायची तसंच, समोरच्या बाजूला. "बसा एकदा. माझ्यासाठी बसा."

तो बसला, पण जुलमाचा रामराम. "येतो" नाही की काही नाही. मोशी गेली, आळंदी फाटा मागे पडला. समोर चाकण दिसायला लागलं तसा त्यानं सवयीनं पाय ढिला केला.

चित्र थिजलं नाही. उजवीकडून टेम्पो आला, मागून बस घुसली, आणि एक रिक्षा थेट ट्रकच्या नाकासमोरून आडवी गेली. श्यामनं करकचून ब्रेक दाबला.

"अरे ए! डोळे फुटले का तुझे?"

आणि आपणच काय बोललो ते कळून तो खो खो हसत सुटला. इतकं हसला की त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, आंधळ्यातूनसुद्धा. विजयश्री दारात उभी राहून बघत राहिली. किती महिन्यांनी!

मग व्हायचं तेच झालं. पुढे कंटेनर, मागे बस, दोन्ही बाजूंना गाड्या. खराखुरा जाम. श्याम गिअर काढून निवांत मागे रेलला. "संपलं. आता लवकर हालत नाही बघ," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा सुखानं नुसता फुलून आला होता.

विजयश्रीनं चहा थर्मासमध्ये भरला, त्याच्या फेरीच्या जुन्या थर्मासमध्ये. स्टूल ओढलं आणि त्याच्या डाव्या हाताला, क्लीनर बसतो तिथं बसली. त्या बाजूचा आरसा बघायला त्याला अख्खी मान वळवावी लागायची. फोनवर त्याचं "चाकणला अडकलोय" ऐकून तिनं किती वेळा फणकाऱ्यानं फोन आपटला होता! असं असायचं होय ते.

"डावीकडून मोकळं आहे," ती म्हणाली. "घ्या, घ्या... हळू... बाइक आहे, थांबा."

तो निमूट थांबला.

तेवढ्यात सलोनीचा फोन आला. "आई, मघापासून रिंग जातेय! कुठं आहेस?"

"चाकणला अडकलोय गं," विजयश्री म्हणाली. "दोघंही. घरी पोचायला उशीर होईल."

श्यामनं समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता कप पुढे केला.

"तिला सांग," तो म्हणाला, "येतो म्हणावं."