चक्र अडतं तिथे

"दामे!"

प्राणेशने हाक दिली. बाकीचे पुरुष पुढे सरकले, सयाजी मागेच राहिला. मागून येणारा अभिराज त्याच्या पाठीवर आदळला आणि सगळं चक्र अडलं.

"सयाजीअण्णा, हात सोडा की वो वेळेवर! स्वल्प लक्ष द्या." नाच शिकवणारा प्राणेश बेळगावचा, सयाजीशी आणि त्याच्या बायकोशी कानडी मिसळून मराठीत बोलायचा. "आता अडलं, तर शनिवारी तुम्ही बाहेर बसून बघायचं. सरी?"

सयाजीने पँटला तळवे पुसले. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या सोसायटीच्या क्लबहाउसात साल्सा शिकायची हौस कस्तुरीची. तो आपला बायकोच्या मागे आलेला. नाच गोलातला. 'दामे' ऐकू आलं की पुरुषाने हातातली जोडीदारीण सोडायची आणि पुढच्या बाईपाशी जायचं; सोडलेलीला मागचा घेतो. इतर बायकांपाशी आताशा त्याचं छान जमे. कस्तुरी आली, की ये रे माझ्या मागल्या! घरी दूध, कामवाली आणि गॅस यापलीकडे जिच्याशी बोलणं उरलं नाही, तिचा हात इथे चारचौघांत आपल्याला वेळेवर सोडताही येऊ नये, याची त्याला भयंकर लाज वाटे. आणि शनिवारी सोसायटीच्या कार्यक्रमात ती नाचणार, आपण खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार, हे तर त्याला मुळीच सोसणारं नव्हतं.

गाणं पुन्हा सुरू झालं. दामे. पुढच्या जागेवरची सौम्या हसली, त्यालाही हसू आलं. दामे. पाय आपोआप पडत होते. कस्तुरी किती लांब आहे हे त्याने आज मुद्दाम पाहिलं नाही.

मग ती समोर आली. तिचा तळवा घामेजलेला होता. त्याने तिला गिरकी दिली, ती नीट फिरून परत आली. त्याच्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.

"दामे!"

सयाजीने बोटं उघडली. अगदी वेळेवर, पुरती. पुढे पाऊलही टाकलं.

हात सुटला नाही.

त्याने वळून पाहिलं. त्याची बोटं उघडीच होती. कस्तुरीने त्याचा तळवा घट्ट धरला होता आणि ती खाली फरशीकडे बघत होती. तिच्यापाशी पोचलेला अभिराज अवघडून उभा राहिला.

प्राणेशने गाणं बंद केलं. "आता कुणाचं चुकलं?"

कस्तुरीने मान वर केली. ती काही बोलणार, तेवढ्यात सयाजी घाईने म्हणाला, "माझंच. मी बसतो बाहेर."

तो भिंतीलगतच्या खुर्च्यांकडे निघाला. हात अजून सुटलेला नव्हता, त्यामुळे कस्तुरीही निघाली.