एका पडद्यावर आठ शब्द

‘सोमवारपासून’ एवढं टाइप करून जावयाचा अंगठा थांबला.

“लिहिलंत?” सासूबाईंनी विचारलं.

“लिहितोय.”

“मग पुढे घ्या. सोमवारपासून मी वाचनाला येऊ शकणार नाही. नवव्या प्रकरणापर्यंतचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे. पुढचं दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावं.”

त्याच्या फोनदुरुस्तीच्या दुकानात, काउंटरच्या पलीकडे गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर त्या ताठ बसल्या होत्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. तोंड त्याच्याकडे नव्हतं, त्याच्या डाव्या कानाच्या पलीकडे कुठेतरी होतं. त्यांच्या नजरेच्या बरोबर मधोमध डाग होता, त्यामुळे समोरच्याला पाहायचं तर जरा बाजूला पाहावं लागे. नवीन माणसाला वाटायचं, बाई आपल्याला टाळतायत.

अठरा वर्षं त्या पुस्तकं वाचत होत्या, म्हणजे काचेच्या खोलीत बसून, कानांवर हेडफोन आणि समोर माइक. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही किंवा वाचायला सवड नाही अशी माणसं त्यांचा आवाज ऐकत भांडी घासायची, गाड्या चालवायची, झोपी जायची. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डागाचं सांगितलं आणि हळूहळू वाढेल असंही सांगितलं, तेव्हा त्यांनी कागद सोडला आणि फोन धरला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, होतील तेवढी मोठी. त्या आकारात एका पडद्यावर आठ शब्द मावायचे. आठ वाचायचे, अंगठ्याने वर सरकवायचे, पुढचे आठ. हे त्या इतक्या सफाईने करत की ऐकणाऱ्याला जोड कळत नसे.

गेले दोन महिने कळत होता. रेकॉर्डिस्टने आधी पाणी हवंय का विचारलं. मग खुर्ची बदलून दिली. परवा मात्र त्याने सरळच सांगितलं की मॅडम, हल्ली तुम्ही वाक्याच्या मध्येच थांबता.

मुलीला सांगितलं तर ती रडत बसेल, म्हणून त्या जावयाकडे आल्या होत्या. निरोप स्वतःच्या आवाजात पाठवता आला असता. लेखीच बरा, असं त्या म्हणाल्या.

जावयाने निरोप पुरा केला. पाठवला नाही. सासूबाईंचा फोन काउंटरवर ठेवून त्याने मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे एक पाटी होती, धंदा थंड असताना त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली: कोणता डिस्प्ले घ्यावा? तेच तेच विचारून गिऱ्हाईक डोकं खातं म्हणून लावली होती. गिऱ्हाईक ती पूर्ण वाचायचं आणि मग तेच विचारायचं.

मिळण्याची वेळ
एलसीडी कॉपी: आज. ओरिजिनल ओएलईडी: तीन आठवडे.

दोन महिन्यांपूर्वी हा फोन सासूबाईंच्या हातून जिन्यात पडला. काच वरपासून खालपर्यंत तडकली, अर्धा पडदा हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांचं रेकॉर्डिंग होतं. जावयाच्या खणात त्या मॉडेलची एलसीडी कॉपी तेवढी होती. त्याने ती बसवली. ओरिजिनल आला की बदलू असं मनाशी ठरवलं आणि तोंडाने म्हणाला, होता तसाच आहे, आई, काही फरक नाही. गिऱ्हाइकांना तो रोज हेच म्हणायचा. जिभेला वळण पडलं होतं.

ओरिजिनल आला आणि खणात पडून राहिला. आधी दुकानात गर्दी होती, मग बायकोची दाढ काढायची होती, आणि त्यानंतर फक्त एवढाच प्रश्न उरला होता की आता सांगायचं कसं. रविवारी सासुरवाडीला जेवायला गेलं की सासूबाई फोन नाकाशी धरून बसलेल्या दिसायच्या. तो ताटाकडे बघायचा.

“आई, पाठवायच्या आधी एक करून बघू,” तो म्हणाला. “दहा मिनिटं लागतील.”

काळा रंग
एलसीडी: मागचा दिवा कायम चालू, त्यामुळे काळा म्हणजे गडद राखाडी. ओएलईडी: प्रत्येक ठिपका हाच दिवा. काळा म्हणजे बंद.

त्याने काउंटरवरची ट्यूब मालवली. त्याच मॉडेलचे आणखी दोन फोन काढले, रबरी चटईवर तिन्ही ओळीने मांडले. एक सासूबाईंचा. दुसऱ्यावर स्वस्तातला ओएलईडी होता, एका टॅक्सीवाल्याच्या फोनमधून काढलेला. दिवसभर नकाशा उघडा ठेवून ठेवून त्याच्या तळाशी बाणाची फिकट छाप कायमची उमटली होती. तिसऱ्याला ओरिजिनल जोडला होता, नुसता केबलच्या पट्टीने, तो फोनच्या अंगावर मोकळाच पडला होता. तिन्हींवर एकच गोष्ट: काळी पार्श्वभूमी आणि मोठं पांढरं अक्षर. कोणता कोणाचा हे त्याने सांगितलं नाही.

सासूबाई उठल्या. एकेका फोनवर तिरक्या वाकल्या, कोंबडी दाण्याकडे एका डोळ्याने पाहते तशा. मग त्यांनी एकावर हात ठेवला.

“हा काळा नाहीये. अक्षराच्या मागे धूर आहे.”

त्याने फोनांच्या जागा बदलल्या. त्यांनी पुन्हा तोच धरला. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा तो जागा बदलायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, “जावईबापू, पत्ते पिसताय का?”

“तो तुमचा आहे,” तो म्हणाला.

आणि मग त्याने सगळं सांगितलं. कॉपी, खण, तीन आठवडे, होता तसाच आहे. बोलताना तो स्क्रूंच्या डबीतले स्क्रू बोटाने एका बाजूला करत होता. दुसऱ्या कोणाला हा फरक जाणवणारही नाही, पण डोळ्यात डाग असलेल्या माणसाला मागचा उजेड पसरून अक्षर खातो, हे आपल्याला कळायला हवं होतं, असं तो म्हणाला. भिंतीवर आपणच लिहून ठेवलंय. दोन महिने आपण भिंतीला पाठ करून बसलोय.

तो शिव्या खायच्या तयारीत होता.

“म्हणजे दोष डोळ्यांचा नाही?” सासूबाईंनी विचारलं.

याची त्याने तयारी केली नव्हती.

“पडदा असू शकतो,” तो म्हणाला. आणि लगेच, “पडदाच असणार.”

“लग्नाच्या दिवशीसुद्धा तुमचा आवाज इतका पडला नव्हता,” त्या म्हणाल्या. “बसवा. बघू या.”

टिकाऊपणा
एलसीडी: छाप पडत नाही. ओएलईडी: प्रत्येक ठिपका थोडा थोडा जळतो. निळा आधी.

त्याने ट्यूब पुन्हा लावली. फोन गरम पाटावर उपडा पडला होता तोवर सासूबाईंनी बरंच विचारून घेतलं. गोंद वितळायला किती वेळ, काच फुटली तर, रोज किती फोन येतात, फोनमधलं खासगी काही दिसतं का आणि दिसलं तर तो काय करतो. शेवटच्या प्रश्नाला तो म्हणाला की डोळे मिटतो. त्या हसल्या. किती दिवसांनी हसताना ऐकलं, हे त्याने मनात मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

प्लास्टिकची पातळ पात काचेखाली फिरली. कॉपी उचकटून निघाली. त्याने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली, एरवी तो अशा गोष्टी जपून ठेवायचा. नव्या पडद्याची पट्टी खाचेत बसल्याचा बारीक आवाज झाला.

हाही कधीतरी जाईल का, असं त्यांनी विचारलं. त्याने खरं ते सांगितलं: याचे ठिपके स्वतःच जळून उजेड देतात, म्हणून झिजतात, आणि सगळ्यात आधी निळा झिजतो.

“माझाही तोच गेला आधी,” सासूबाई म्हणाल्या. साडीच्या दुकानात रंग विचारावा इतक्या सहज.

बाजूने पाहिल्यास
एलसीडी: फिकट. ओएलईडी: फरक पडत नाही.

त्याने दहावं प्रकरण उघडलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. ट्यूबचा उजेड पडद्यावर पडू नये म्हणून तो काउंटरबाहेर येऊन त्यांच्या शेजारी, जरा मागे उभा राहिला. त्यांनी फोन उजवीकडे तिरका धरला, मान डावीकडे कलती केली आणि घसा साफ केला.

“दहावं प्रकरण. पुलाच्या दोन्ही टोकांना एकच पहारेकरी होता.”

आवाज बदलला होता. स्टुलावर बसून बोलणाऱ्या बाईंचा तो नव्हता. तो खालून, सावकाश, आपली जागा आधीच ठाऊक असल्यासारखा येत होता. पहारेकरी पुलाच्या मधोमध उभा राहायचा, म्हणजे खरं तर कोणत्याच टोकाला नसायचा. खालून बोटी जायच्या. एका बोटीत एक बाई शिडात गुंडाळलेलं कपाट घेऊन चालली होती, आणि पहारेकऱ्याने तिला वरून विचारलं की कपाटात काय आहे. तिने सांगितलं की त्यात दुसरं एक कपाट आहे. चार्जर घ्यायला आलेला एक माणूस दुकानाच्या दारात आला आणि काही न मागता तिथेच थांबला. सासूबाई कुठे अडखळल्या नाहीत. स्वल्पविरामाला किंचित, पूर्णविरामाला पुरेसं, आणि बाईच्या तोंडच्या वाक्याला थोडं हसू, अगदी थोडं.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगून टाकायचं जावयाने ठरवलं, स्वतःच्या चुकीसकट. कपाटाचं ते वाक्य पुस्तकात कसं लिहिलंय ते बघावं म्हणून तो त्यांच्या खांद्यावरून किंचित पुढे वाकला.

पडद्यावर आठ शब्द होते. काळ्याकुट्ट काळ्यावर पांढरे लख्ख.

‘दहावं प्रकरण. पुलाच्या दोन्ही टोकांना एकच पहारेकरी होता.’

सासूबाई तोवर पुलाखालून पार पलीकडे गेल्या होत्या. बाईची बोट धक्क्याला लागली होती, कपाट चार हमालांनी उचललं होतं. त्यांचा अंगठा फोनच्या कडेवर निवांत टेकलेला होता. तो हलला नव्हता. जावई वाट पाहत राहिला. एक परिच्छेद झाला, दुसरा झाला. अंगठा होता तिथेच होता.

पान संपलं असावं अशा ठिकाणी त्या थांबल्या.

“लख्ख आहे,” त्या म्हणाल्या. “पडद्याचाच दोष होता. तो निरोप पुसून टाका, आणि तुम्ही आता जिवाला लावून घेऊ नका.”

पाटीवर नाही

दारातल्या माणसाला चार्जर दिला. पुढे काय होतं त्या कपाटाचं, असं त्याने जाता जाता विचारलं, आणि सासूबाईंनी त्याला पुस्तक येईल तेव्हा ऐका म्हणून सांगितलं. तो गेल्यावर दुकानात पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

जावयाने त्यांच्या हातातून फोन घेतला. निरोप होता तसा होता, पाठवायच्या खुणेला नुसतं बोट लावायचा अवकाश. त्याने तो वाचला. रेकॉर्डिस्टचा विचार केला, सोमवारचा केला. मग ओळीच्या शेवटापासून एकेक अक्षर मागे खात निरोप पुसला. पूर्ण पुसायला वेळ लागला, तरी त्याने एकदम पुसायचं बटण दाबलं नाही.

“पुसला?”

“पुसला.” तो थांबला. “अकरावं प्रकरण केवढं आहे, आई?”

सासूबाईंनी पर्सची चेन उघडली. बंद केली.

“पंचवीस पानं,” त्या म्हणाल्या. “दहावं चोवीस होतं. नऊ दिवस लागले.”

कशाला, ते त्याने विचारलं नाही. त्यांनीच पुढे सांगितलं, पंख्याकडे तोंड करून, की फोन वाचून दाखवतो, तशी सोय आहे त्यात. पण मेला प्रश्नसुद्धा बातमी सांगितल्यासारखा सांगतो. कुठे दम घ्यायचा, कोण कोणावर रागावलंय, काही कळत नाही. निम्मा वेळ ते शोधण्यात जातो. पुढची एकवीस प्रकरणं अशी ऐकून पाठ व्हायची नाहीत.

“दोन ते चार इथे कोणी फिरकत नाही,” जावई म्हणाला. “मी नुसता बसलेला असतो.”

त्या नको म्हणाल्या नाहीत.

त्याने काउंटरची फळी उचलली आणि स्वतःचं स्टूल पलीकडे नेलं, त्यांच्या शेजारी. दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. अकरावं प्रकरण उघडून तो सेटिंगमध्ये गेला आणि अक्षरं लहान करत गेला, आपल्याला बेताची वाटतील इतकी, तेव्हा आख्खं पान एका पडद्यावर आलं. सासूबाईंना त्याचा अंगठा चाललेला ऐकू येत होता, प्रत्येक टिचकीला. त्यांनी त्याला थांबवलं नाही.

शाळा सुटल्यापासून त्याने मोठ्याने काही वाचलं नव्हतं. पहिलं वाक्य त्याने गिळलं, दुसरं एका दमात संपवलं. तिसऱ्यात पहारेकऱ्याची बायको त्याला म्हणत होती की तू आज परत येणार आहेस.

“थांबा,” सासूबाई म्हणाल्या. “परत घ्या. ती विचारतेय त्याला. तुम्ही सांगून टाकलंत.”

त्याने परत घेतलं. या वेळी त्यांचे ओठही हलत होते.