फाटकापाशी थांबलेली माणसं

पहिल्या फाटकापाशी पोचेपर्यंत क्लिफर्ड अ‍ॅक्रॉइडनं मनाशी ठरवून टाकलं होतं. आज दिवसभरात टेकडीवर एकत्र चालायला जाणाऱ्या या मंडळींपैकी एकानं जरी नोरीनचं नाव घेतलं तर ठीक, नाहीतर ही आपली त्यांच्याबरोबरची शेवटची भटकंती.

नोरीन त्याची बायको. नोव्हेंबरात गेली. दफनाला ही सगळी मंडळी आली होती, काळे कोट घालून, डोळे पुसत. त्यानंतर मात्र तिचं नावही तिच्याबरोबरच पुरून आल्यासारखी वागत होती. रस्त्यात कुणी भेटलं की हवेबद्दल बोलायचं. यॉर्कशरमध्ये हवेला तोटा नाही, त्यामुळे कुणाचं काही अडत नसे.

आजही तेच चाललं होतं. गळ्यात नकाशा अडकवून सगळ्यांना वाट दाखवणारी बेरिल चिखलाबद्दल बोलली. लांब ढांगा टाकणारा उंच हेडली स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलला. मग सगळ्यांनी मिळून कोकरांचं कौतुक केलं. क्लिफर्डला कुणी बिस्किट दिलं, कुणी चढावर हात दिला. वाईट एकाच्याही मनात नव्हतं, आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता. स्वतःहून विषय काढायचा तर चारचौघांत दुःखाची थाळी फिरवल्यासारखं झालं असतं. ते त्याच्या स्वभावात नव्हतं.

कुरणांच्या दगडी भिंतींमधलं दुसरं फाटक आलं. टेकडीवर या मंडळींची एक रीत होती. पुढचे फाटकापाशी थांबायचे, थर्मासमधला चहा प्यायचे, मागच्यांची वाट बघायचे. सगळ्यात शेवटचं माणूस धापा टाकत पोचलं, की ‘आले सगळे’ म्हणून लगेच चालू पडायचे. म्हणजे ज्याला विसाव्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच्या वाट्याला तो कधी यायचाच नाही. वर्षानुवर्षं ते शेवटचं माणूस नोरीन होती. “अरे मेल्यांनो, मला दम तरी खाऊ द्या!” असं ती दर फाटकाला ओरडायची. सगळे हसायचे आणि निघायचे. सगळ्यात पुढे क्लिफर्डच असायचा.

आज कुणी ओरडलं नाही. त्यांना शांतता खटकली की नाही, देव जाणे. बेरिल म्हणाली, “पाऊस नाही, नशीबच म्हणायचं.”

दुपारी सगळे खालच्या पबमध्ये उतरले. चिखलानं भरलेले बूट दाराशी काढून, नुसत्या मोज्यांवर आत येऊन शेकोटीजवळच्या लांब टेबलाशी बसले. दर वसंतात एकदा ते इथे जेवायला येत. मालकीण मॅव्हिस सूपचे वाडगे मांडता मांडता दाराकडे बघत होती.

“नोरीन कुठं राहिली रे?” तिनं विचारलं. “अजून टेकडीवरच का? सावकाश येऊ दे बाईला. ती पोचेपर्यंत तुम्ही हावरट लोक आल्याचं पुडिंग फस्त करता, म्हणून या वेळी आधीच बाजूला काढून ठेवलंय तिच्यासाठी.”

चमचे थांबले. बेरिल घाईघाईनं म्हणाली, “मॅव्हिस, जरा मीठ देतेस?”

“मीठ तुझ्यासमोरच आहे,” मॅव्हिस म्हणाली, आणि एकेकाचा चेहरा बघून गप्प झाली.

“नोव्हेंबरात गेली ती,” क्लिफर्ड म्हणाला.

“अगं बाई! क्लिफर्ड, मला खरंच माहीत नव्हतं रे. आणि मी आपली बडबडतेय.”

“बडबड की. आण ते पुडिंग.” त्यानं सूपचा वाडगा बाजूला सारला. “पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं नाव मोठ्यानं घेतलंय.”

 हेडली सूपकडे बघत पुटपुटला, “आम्हाला वाटलं, तुला त्रास होईल.”

“त्रास होतोच आहे, हेडली. तुम्ही नाव घेतलं नाहीत म्हणून तो थांबलाय थोडाच! घरी एकटा असतो, इथंही एकटाच चालत होतो. ती तुमचीही होती की रे.”

मॅव्हिसनं पुडिंग आणलं, वरून गरम कस्टर्ड ओतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. क्लिफर्डनं ते सगळं खाल्लं. त्याला आल्याचं पुडिंग कधीच आवडलं नव्हतं.

जेवणानंतरचा चढ सगळे गुपचूप चढले.  बोलायला नको होतं, असं क्लिफर्डला वाटू लागलं. आता हे लोक हवेबद्दलसुद्धा बोलणार नाहीत.

माथ्यावरच्या फाटकापाशी वारा झोंबत होता. हेडली कडीवर हात ठेवून उभा होता. एकेक करत सगळे आले. शेवटी मागे राहिलेली बेरिल आली. रिवाजाप्रमाणे निघायला हवं होतं, पण हेडलीनं कडी काढली नाही आणि कुणी जागचं हललंही नाही.

“काय झालं?” क्लिफर्डनं विचारलं. “आले ना सगळे? चला की.”

हेडली उताराकडे, ज्या वाटेनं ते वर आले होते तिकडे बघत होता.

“थांब जरा,” तो म्हणाला. “नोरीनला दम खाऊ दे.”

क्लिफर्डनं दगडी भिंतीला पाठ टेकली आणि रडू आलं ते येऊ दिलं. बेरिलनं थर्मासचं झाकण काढलं. कुणालाच घाई नव्हती.